कोयनेचं अवजल आणि वाशिष्ठीकाठची कांदळवनं

कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. पण महाबळेश्वरात उगम पावलेल्या या नदीचं फार मोठं पाणी संगमापर्यंत येतच नाही. १९६० च्या दशकात पाटण तालुक्यात धरण झालं आणि त्याच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडच्या पोफळी वीजघराकडे वळवलं गेलं. धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला नेण्याची मुभा दिली. वीज तयार झाल्यावर उरलेलं हे पाणी, म्हणजे अवजल, चिपळूणजवळ वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं.

उन्हाळ्यात धरणाची पातळी खाली गेली की साताऱ्या-सांगलीत हमखास ऐकू येतं, 'आपलं पाणी समुद्रात वाया चाललंय.' टंचाई सोसणाऱ्याचं दुखणं खरंच आहे. पण 'वाया' हा शब्द मला पटत नाही. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्चनंतर आटतात. वाशिष्ठी वाहती राहते ती कोयनेमुळे. आणि खाडीत कुठपर्यंत काय उगवेल, हे गोड पाणी किती येतं यावर ठरतं.

कांदळवन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातलं जंगल, म्हटलं की लोकांना एकच झाड आठवतं. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वीसेक जातींची खरी कांदळवृक्षं आहेत आणि प्रत्येकीची जागा वेगळी. तिवर सगळ्यात चिवट, जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकणारी. कांदळाला कमानीसारखी आधारमुळं, आणि त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. हुऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. चिप्पीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. पांढरी चिप्पी, जिला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, ती समुद्राच्या बाजूला खाऱ्या पाण्यात रमते. तिचीच लाल फुलांची बहीण मात्र खाडीत वर, गोडसर पाण्याकडे सरकते. दोघींची फुलं रात्री उमलतात. खारटपणा बदलला की हा सगळा क्रम हलतो.

ही वनं घटली ती मुख्यतः माणसाच्या हातून. लाकूड जळणाला उत्तम, म्हणून तोड झाली. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी जमिनीत शिरू नये म्हणून घातलेल्या, बांधांनी भरती अडवली. महसूल दप्तरात ही जमीन पडीक ठरली, मग भराव घालायला कोण अडवणार? १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने पहिला लगाम घातला. खरं वळण आलं ६ ऑक्टोबर २००५ ला. मुंबई उच्च न्यायालयाने तोड आणि भराव थांबवला, कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली आणि सरकारी जागेवरची वनं संरक्षित वन म्हणून वनखात्याकडे द्यायला सांगितली. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाला. २०१८ च्या निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. देशाच्या २०२१ च्या वन अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदलं आहे. २०१३ च्या अहवालात ते १८६ होतं.

मात्र क्षेत्र वाढलं म्हणजे विविधता वाढली असं नव्हे. लागवडीत रोपं सहज मिळणाऱ्या एकदोन जातींवर भर राहतो, आणि भरतीची उंची न पाहता चिखलात खोचलेली रोपं वाहून तरी जातात किंवा कुजतात. जिथे अडवलेली भरती पुन्हा आत येऊ दिली, तिथे जवळची झाडं उभी असतील तर बिया पाण्यावर तरंगत येऊन आपली आपण रुजतात. बांधाला मोरी पाडणं हे काम रोपं लावण्याइतकं फोटोत दिसत नाही, पण आधी तेच करायला हवं.

आता हेच अवजल मुंबईकडे नेण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. त्याचा हिशेब बहुधा टीएमसी आणि खर्चात मांडला जातो. त्यात खाडीचा एक रकाना हवा: चिपळूणपासून दाभोळपर्यंत महिन्यागणिक पाणी किती खारट असतं, आणि कोणत्या टप्प्यावर कोणती झाडं उभी आहेत. ही नोंद अवजल वळवण्याआधीच घ्यावी लागेल. आणि ती मागण्याचा हक्क चिपळूणकरांइतकाच पाटणकरांचाही आहे, कारण पाणी आपल्या डोंगरातून गेलेलं आहे.