घरातील जप्ती

दिवाणी न्यायालयाने पैसे देण्याचा हुकूमनामा केला आणि तरीही रक्कम भरली गेली नाही, तर कर्जदाराच्या राहत्या घरातील चीजवस्तू ताब्यात घेऊन त्या विकण्याची जी रीत कायद्याने घालून दिली आहे, ती घरातील जप्ती. हे काम न्यायालयाचा बेलिफ करतो. भारतात त्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये आहेत. काय नेता येत नाही ते कलम ६० सांगते, घरात केव्हा आणि कसे शिरायचे ते कलम ६२ सांगते, आणि बाकीची कार्यपद्धती आदेश २१ मध्ये येते. जप्तीची भीती गावोगाव आहे, पण या दोन कलमांची माहिती फार थोड्या घरांत असते. दारात कोणी उभे राहिले की त्याच्या हातातला कागद न वाचताच लोक कपाट उघडून देतात.

म्हणून आधी दारात कोण आहे ते ओळखायला हवे. बेलिफ हा न्यायालयाचा कर्मचारी असतो. तो नाझर या न्यायालयीन अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करतो आणि वॉरंटाशिवाय त्याला काहीच करता येत नाही. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा असा बेलिफ नसतो. त्यांच्याकडून येतो तो वसुली एजंट, आणि घरमालकाच्या संमतीशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याचा त्याला कोणताही अधिकार नाही. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, धमकी देऊ नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँका व वित्तसंस्थांना बजावले आहे. ‘उद्या जप्ती आणतो’ असे म्हणणाऱ्या एजंटाला दावा क्रमांक आणि न्यायालयाचे नाव विचारावे. न्यायालयात कोणतेच प्रकरण झालेले नसेल तर त्या कर्जापोटी बेलिफ घरी येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हुकूमनामा झाल्या झाल्या बेलिफ निघत नाही. ज्याला पैसे यायचे आहेत त्याला वेगळी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते, आणि त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटून गेली असतील, तर कर्जदाराला आधी नोटीस काढून त्याचे म्हणणे विचारावे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यानंतर वॉरंट निघते. त्यावर तारीख, अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का असतो. कोणत्या दिवसापर्यंत ते बजावायचे तेही त्यात लिहिलेले असते. दारात आलेल्या बेलिफाकडे वॉरंट मागून या गोष्टी शांतपणे पाहणे म्हणजे अडथळा आणणे नव्हे.

कलम ६२ चा पहिला नियम वेळेचा आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. दुसरा नियम दाराचा. घराचे बाहेरचे दार फोडता येत नाही. मात्र घर स्वतः कर्जदाराच्या वहिवाटीत असेल आणि तो आत येऊ देत नसेल किंवा वाट अडवत असेल, तर फोडता येते. हा अपवाद नीट समजून घ्यावा. कर्जदार भावाकडे किंवा सासुरवाडीला जाऊन राहिला, त्याचे सामान तिथे असल्याचा संशय आहे, एवढ्यावरून त्या घराचे बंद दार फोडता येणार नाही. पण कर्जदाराच्या स्वतःच्या घराला हे संरक्षण नाही. आतून कडी लावून बसले की जप्ती टळते हा समज म्हणूनच चुकीचा आहे, आणि तो महागात पडतो. एकदा रीतसर आत आल्यावर, ज्या खोलीत जप्तीयोग्य माल असल्याचे मानायला बेलिफाकडे कारण असेल, त्या खोलीचे दारही तो फोडू शकतो. रूढीप्रमाणे पडदा पाळणारी स्त्री खोलीत असेल, तर तिला आधी सूचना द्यावी लागते आणि बाहेर पडायला पुरेसा वेळ व सोय द्यावी लागते.

दाराच्या या नियमाचे मूळ इंग्लंडात आहे. १६०४ च्या सेमेन खटल्यात ‘घर म्हणजे माणसाचा किल्ला’ हे तत्त्व मांडले गेले आणि खासगी देण्यासाठी शेरीफाने दार फोडू नये असे ठरले. आपल्या संहितेने ते तत्त्व अर्धेच घेतले. इंग्लंड आणि वेल्समध्ये आजही क्रेडिट कार्डासारख्या साध्या देण्यासाठी पहिल्या भेटीत जबरदस्तीने घरात शिरता येत नाही, कर्जदाराने दार उघडलेच नाही तर बेलिफाला परतावे लागते. २००७ च्या कायद्यानुसार तिथे किमान सात पूर्ण दिवसांची आगाऊ नोटीस लागते, वेळ सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते रात्री ९ अशी आहे, आणि घरात फक्त सोळा वर्षांखालील मूल असेल तर माल ताब्यात घेता येत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी इथले नियम तिथे लावू नयेत, आणि तिथे वाचलेले इथेही लावू नयेत. महाजालावरचे बरेचसे सल्ले इंग्लंडातले असतात.

कलम ६० हा जप्तीच्या कायद्यातला सर्वांत माणुसकीचा भाग आहे. कर्जदार, त्याची बायको आणि मुले यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत, आणि आपल्याकडे त्यात पहिले येते ते मंगळसूत्र. कारागिराची हत्यारे वगळली आहेत. म्हणजे सुताराचा रंधा किंवा चांभाराची आरी नेता येत नाही. शेतकऱ्याची औजारे आणि त्याच्या पोटापाण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील एवढी गुरे व बियाणे सुरक्षित आहेत. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असेल, तर ते घरही साध्या पैशांच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. मात्र तेच घर गहाण ठेवलेले असेल, तर गहाणाच्या वसुलीला हे संरक्षण आड येत नाही. हिशेबाच्या वह्या, मजुरांची मजुरी, सरकारी निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विम्याच्या पॉलिसीखालील रकमा यांनाही हात लागत नाही. टीव्ही, फ्रीज, सोफा मात्र या यादीत नाहीत, ते जातात.

पगाराचे गणित वेगळे आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित, बाकीचा जप्तीयोग्य. पगार ३१,००० असेल तर १०,००० कापले जाऊ शकतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो. हा हजाराचा आकडा १९९९ च्या दुरुस्तीतला आहे, आणि तो आजही तसाच राहावा हे अन्यायाचे आहे. हजार रुपयांत आज एका घराचा आठवड्याचा किराणाही भागत नाही. एक दिलासा आहे. एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिने पगार कापला गेला, की त्या हुकूमनाम्यासाठी तो पुन्हा कापता येत नाही.

कर्जाच्या कागदांवर ‘कलम ६० चे संरक्षण मी सोडत आहे’ अशी सही घेतली असली तरी ती निरर्थक ठरते. १९७६ च्या दुरुस्तीने असा करारच शून्यवत केला आहे.

शेतकऱ्याला मिळालेल्या या संरक्षणामागे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा राग कागदांवर होता, कारण त्याच कागदांच्या आधारे जप्ती आणि अटक होत होती. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले, आणि खास गहाण न लिहिलेली जमीन जप्तीतून वगळली.

दिवाणी अटक आजही कायद्यात आहे, पण तिला कुंपण आहे. स्त्रीला पैशांच्या हुकूमनाम्यात अटक करता येत नाही. रक्कम २,००० रुपयांपेक्षा जास्त नसेल तर कोणालाच कैद होत नाही, आणि कैदेची कमाल मुदत तीन महिने आहे. जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ऐपत असून पैसे दडवणाराच तुरुंगात जाऊ शकतो, निव्वळ गरिबी हा कैदेचा आधार होत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडला.

पतसंस्था आणि सहकारी बँका यांचा मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाचा वसुली दाखला मिळाला, की दिवाणी दाव्याशिवायही विशेष वसुली अधिकारी जप्तीला येऊ शकतो. त्याला १९६१ च्या नियमांतील नियम १०७ बांधून ठेवतो. तिथेही सूर्योदय ते सूर्यास्त हीच वेळ आहे आणि बाहेरचे दार बंद असेल तर ते पोलिसांच्या उपस्थितीतच उघडावे लागते. गहाण घर किंवा फ्लॅट ताब्यात घेण्याचा बँकांचा २००२ चा कायदा हा घरातील सामानाचा विषय नाही. तिथे साठ दिवसांची नोटीस लागते आणि शेतजमीन त्यातून वगळली आहे.

जप्ती प्रत्यक्ष होते तेव्हा बेलिफ पंचांसमोर वस्तूंची यादी करून पंचनामा लिहितो. त्यातली प्रत्येक ओळ वाचावी आणि चूक असेल तर तिथेच हरकत लिहून घ्यायला सांगावे. जप्त मालाची जबाबदारी बेलिफावर असते. कलम ६० च्या संरक्षणात न बसणारी गुरे किंवा शेतीची औजारे जप्त झाली, तर ती एखाद्या विश्वासू माणसाच्या हवाली ठेवता येतात. घरातली प्रत्येक वस्तू कर्जदाराची नसते. पत्नीचे स्त्रीधन, भावाची मोटारसायकल, भाडेकरूचे कपाट यांवर नवऱ्याच्या, भावाच्या किंवा घरमालकाच्या कर्जाचा बोजा येत नाही. वस्तूच्या मालकाने विक्रीपूर्वी आदेश २१ नियम ५८ खाली हरकत अर्ज द्यावा. पावती, हप्त्यांचे कागद, लग्नातली यादी, जे असेल ते जोडावे.

न्यायालयाबाहेर परस्पर पैसे दिले असतील तर ते न्यायालयात नोंदवून घ्यायलाच हवेत, आणि त्यासाठीच्या अर्जाची मुदत तीस दिवसांची आहे. न नोंदवलेली फेड दरखास्तीत धरली जात नाही. पैसे देऊनही भांडीकुंडी बाहेर निघतात ती बहुधा याच चुकीमुळे. जंगम मालाचा लिलाव जाहीरनामा लागल्यापासून सात दिवसांच्या आत, कर्जदाराच्या लेखी संमतीशिवाय, होत नाही. नाशवंत माल याला अपवाद आहे. वसुलीला पुरेल एवढाच माल विकायचा असतो, आणि बोली मंजूर होण्यापूर्वी कर्जाची रक्कम खर्चासह भरली की लिलाव तिथेच थांबवावा लागतो.