छोटा ट्रेलर कुठंही मावतो? नाही मावत!

बेळगावच्या टिळकवाडीत ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांच्या गप्पांत एक समज कायम फिरतो: ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडून न्यायची राहायची खोली, १६ फुटी असला की नॅशनल पार्कातली मुक्कामाची कुठलीही २० फुटी जागा चालते.

चालेलच असं नाही. तो १६ चा आकडा पुष्कळदा नुसत्या राहायच्या खोलीचा असतो. पुढचा जोडणीचा दांडा वेगळा. शिवाय मर्यादा कुठं फक्त ट्रेलरची, कुठं ओढणारी गाडी धरून. योसेमिटी पार्कातल्या अप्पर पाइन्स या मुक्कामाच्या तळावर मोटरहोमला (आतच राहायची सोय असलेल्या गाडीला) ३५ फूट, ट्रेलरला मात्र २४च. ग्लेशियर पार्कातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटात तर गाडी-ट्रेलर मिळून २१ फुटांच्या वर गेलं की बंदी. म्हणजे छोटासुद्धा बहुतेक बादच.

खानापूर रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर वळताना बघा की. ड्रायव्हर इंजिनापासून मागच्या ट्रॉलीतल्या शेवटच्या मोळीपर्यंतचं माप डोक्यात धरतो. तेच इथं.

आणि जागेपुढं ‘बॅक-इन’, म्हणजे गाडी मागं घेत लावायची, असं लिहिलेलं असेल, तर रिव्हर्स आलाच. आखूड ट्रेलर रिव्हर्सला लांबापेक्षा हट्टी. स्टेअरिंग जरासं फिरलं की लगेच काटकोनात!