सन्मानपत्रात नसलेलं गाव

इटलीत पेरुजा प्रांतात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरमाथ्यावर मोंतोने नावाचं एक जुनं तटबंदीचं गाव आहे. जुलै 2023मध्ये तिथे एका सूर्यघड्याळाचं अनावरण झालं. हे घड्याळ म्हणजे स्मारक आहे आणि त्याला नाव दिलंय रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याच्या एका तरुणाचं: नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी. अनावरणाला भारताच्या राजदूत नीना मल्होत्रा हजर होत्या. आपल्याकडे ही बातमी आली ती साधारण एकाच सुरात, की इतक्या वर्षांनी का होईना, एका मराठी वीराची दखल घेतली गेली.

वास्तविक दखल उशिरा घेतली गेलीच नव्हती. घाडगे पडले 10 जुलै 1944 रोजी, आणि 2 नोव्हेंबर 1944च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. मध्ये चार महिनेही गेले नाहीत. युद्धकाळातली कागदपत्रांची धावपळ पाहता हे झटपटच म्हणायचं. उशीर झाला तो दुसऱ्याच गोष्टीला. तो समजून घ्यायचा तर आधी पदक जाहीर करताना छापलेलं पराक्रमाचं वर्णन, म्हणजे सन्मानपत्र, वाचायला हवं.

सन्मानपत्र आहे जेमतेम एका परिच्छेदाचं. मजबूत मोर्चेबंदी केलेल्या शत्रूवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने हल्ला चढवला. घाडगे यांच्या हाताखाली रायफलधारी जवानांचं एक सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, होतं. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. उभे राहिले एकटे घाडगे. मागून यायला कुणी उरलेलं नाही हे त्यांना दिसत होतं, तरी ते थेट त्या मशीनगनवर धावून गेले. पहिला हातबॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोघेही निकामी झाले. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. तोवर गोळ्या संपल्या होत्या आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. त्यांनी गन नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांचा प्राण गेला. वय वर्षं 22.

त्या परिच्छेदात नसलेली एक गोष्ट आहे. जागा. लढाई कुठे झाली याबद्दल तिथे एवढंच म्हटलंय, ‘इटलीत’. कुठलं गाव, कुठला डोंगर, कुठली नदी, काही नाही. युद्ध चालू असताना पलटण नेमकी कुठे आहे हे छापून सांगायची पद्धत नव्हती, त्यामुळे यात कुणाची चूक नाही. पण परिणाम असा झाला की माणसाला पदक मिळालं आणि त्या पराक्रमाला पत्ताच राहिला नाही.

तिबेर खोऱ्यात मराठा पलटण पोहोचली कशी? 4 जून 1944ला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे सरकत होतं, पण पळत नव्हतं. फ्लोरेन्सच्या पलीकडे डोंगररांगांमध्ये त्यांची ‘गॉथिक लाइन’ ही बचावाची फळी उभी राहत होती आणि तिला वेळ मिळावा म्हणून वाटेतली प्रत्येक टेकडी ते अडवून धरत होते. जुलैच्या सुरुवातीला या खोऱ्यातून वर सरकायचं काम ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीतल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे आलं. 3/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, याच डिव्हिजनमध्ये होती. हीच पलटण 1941मध्ये आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरनच्या लढाईत उतरली होती. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल डेनिस रीड हेही मूळचे याच रेजिमेंटचे. इंग्रजांच्या फौजेत मराठा शिपायाला लाडाने ‘गणपत’ म्हणत. सह्याद्रीत वाढलेल्या गणपताला डोंगर चढणं नवं नव्हतं. वर मशीनगन रोखून बसलेली असताना चढणं मात्र कुठल्याही मुलखात अवघडच.

घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921चा, पळसगाव परिसरातला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं ते 1981मध्ये. त्या काळी कोकणातल्या पोराला घर सोडायचं तर दोन ठळक वाटा होत्या. एक मुंबईच्या गिरणीकडे जाणारी, दुसरी पलटणीत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य फुगत फुगत 25 लाखांपर्यंत गेलं, आणि तेही सक्तीची भरती न करता. या ‘स्वेच्छे’त गावाकडच्या मनिऑर्डरीचा वाटा किती आणि शौर्याच्या ओढीचा किती, याचं गणित मांडायच्या फंदात मी पडणार नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

आता पदकाकडे वळू, कारण त्याचीही कहाणी वळणांची आहे. व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला 1856मध्ये, पण तेव्हा तो मरणोत्तर देण्याची सोयच नव्हती. शूर माणूस वाचला तर पदक, नाहीतर फार तर गॅझेटमध्ये एक ओळ: जगला असता तर शिफारस झाली असती. हा नियम सैल व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1879मध्ये झुलूंविरुद्धच्या इसांडलवानाच्या लढाईत मारले गेलेले मेलविल आणि कॉगहिल या दोन अधिकाऱ्यांना तो मिळाला थेट 1907मध्ये, म्हणजे 28 वर्षांनी. उशिराचा सन्मान म्हणतात तो हा.

आणि त्या वेळीही हिंदी शिपाई या पदकाच्या बाहेरच होता. त्याच्यासाठी कंपनी सरकारने 1837मध्ये सुरू केलेलं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे वेगळं पदक होतं. 1897मध्ये सारागढीत शेवटपर्यंत लढलेल्या 21 शिखांना तेच दिलं गेलं. व्हिक्टोरिया क्रॉसचं दार हिंदी सैनिकांना उघडलं 1911मध्ये, पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने. पुढे तीनच वर्षांत, ऑक्टोबर 1914मध्ये, बेल्जियमच्या आघाडीवर खुदादाद खान यांनी तो मिळवला. थोडक्यात, घाडगे लढले तेव्हा हिंदी शिपायाला, तोही मेल्यावर, हे पदक मिळू शकणं ही जेमतेम एका पिढीची गोष्ट होती.

इटलीच्या आघाडीवर एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले सहा भारतीय सैन्याच्या वाट्याला आले आणि सहातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीला. दुसरे मानकरी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याचे शिपाई नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून सुखरूप मागे आणलं आणि मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. जाधव वाचले, घरी परतले, 1984पर्यंत जगले. लोकांना भेटता येईल, हात जोडता येतील असा माणूस होता. घाडगे यांच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. त्यांचं नाव कोरलं गेलं कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या दफन-दहनाची जागा सापडत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांमध्ये. कॅसिनो रोमच्या दक्षिणेला आहे आणि तिबेरचं हे खोरं उत्तरेला. इटलीच्या भूमीवर त्यांचं नाव होतं, पण ते पडले तिथे नव्हतं.

इकडे घरी काय चाललं होतं? मे 1944मध्ये गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटले होते. ‘चले जाव’ला दोन वर्षं होत आली होती. इंफाळच्या आघाडीवरून आझाद हिंद सेना माघार घेत होती. पुढच्या वर्षी लाल किल्ल्यात तिच्या अधिकाऱ्यांवर खटले सुरू झाले आणि सगळ्या देशाचं मन त्यांच्या बाजूने उभं राहिलं. अशा हवेत इंग्लंडच्या राजाचं पदक मिळालेल्या मराठी नाईकाला कुठे बसवायचं? त्याला कुणी नाकारलं नाही, पण आपलं म्हणून पुढेही केलं नाही. 26 जानेवारी 1950ला परमवीर चक्र आलं, 15 ऑगस्ट 1947पासूनच्या पराक्रमांसाठी, आणि शाळेच्या पुस्तकांत, टपाल तिकिटांवर वीरांची नवी यादी आली. ते योग्यच होतं. पण त्या तारखेच्या अलीकडचे सगळे जण आपोआप ‘इंग्रजांचे’ झाले.

सगळीकडे असं झालं नाही. 1915मध्ये फ्रान्समध्ये पडलेले गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्यांच्या नावाने टिहरीजवळच्या चंबा गावात दरवर्षी एप्रिलमध्ये मेळा भरतो. डोंगरातल्या लोकांनी राजकारणाचा विचार न करता आपला पोर आपल्याकडे ठेवला. माणगावातही घाडगे यांचा पुतळा आहे आणि रेजिमेंटने नाव जपलं. पण पुण्या-मुंबईत किती जणांना ते ऐकून माहीत असेल? मला स्वतःला ते कळलं मोंतोनेच्या बातमीमुळेच, हे सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

घाडगे यांची बटालियन पुढे छत्रीधारी झाली आणि 1952मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन तिचं नाव 2 पॅरा (मराठा) पडलं. 11 डिसेंबर 1971ला, बांगलादेश युद्धात, टांगाइलमध्ये विमानांतून उतरली ती हीच पलटण. आपण टांगाइल अभिमानाने सांगतो. त्याच पलटणीचं 1944 मात्र सांगत नाही.

मोंतोनेच्या स्मारकामागे तिथलं नगर प्रशासन आणि इटालियन युद्धेतिहासाचे अभ्यासक होते. सन्मानपत्राने मोकळी सोडलेली ती जागा त्यांनी भरली. ‘इटलीत’ या एका शब्दाच्या जागी एक खरं गाव आलं. गावही गमतीचं निवडलं गेलं. मोंतोनेचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातला ब्राच्यो दा मोंतोने, पगार घेऊन दुसऱ्यांसाठी लढणारा भाडोत्री सेनानायक. परक्याच्या युद्धात तलवार चालवणाऱ्या माणसाला आपलं म्हणताना या गावाला कधी अडखळल्यासारखं झालेलं नाही.

वेळेचंही थोडं बोलायला हवं. 2012मध्ये केरळच्या किनाऱ्यावर इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मेले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात मिटलं जून 2021मध्ये, 10 कोटींच्या भरपाईनंतर. मधल्या नऊ वर्षांत दोन्ही देशांमधलं वातावरण इतकं आंबट होतं की असा सोहळा सुचणंही कठीण. मार्च 2023मध्ये दोन्ही सरकारांनी संबंध ‘सामरिक भागीदारी’च्या पातळीवर नेले, जुलैत सूर्यघड्याळ उभं राहिलं. ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह रोमला संरक्षण सहकार्याच्या करारासाठी गेले, तेव्हा मोंतोनेला जाऊन त्यांनी तिथे अभिवादन केलं. मेलेल्या सैनिकांची आठवण जिवंत सरकारांच्या सोयीने येते, हे काही नवं नाही. त्याने स्मारक खोटं ठरत नाही.

इटलीच्या मोहिमेत 50 हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते आणि त्यातले 5,782 परतले नाहीत. इटलीभरातल्या 40 युद्ध दफनभूमींमध्ये त्यांची नावं आहेत. मोंतोनेच्या घड्याळावर लॅटिनमध्ये एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. घड्याळ चालू आहे. ऊन असलं की सावली पडते आणि वेळ कळते, तिथल्या तिबेर खोऱ्याची.