फ्लाय-इन : जुन्या द्विपंखी विमानांचा मेळावा

फ्लाय-इन : विमानमालकांनी आपापली विमाने स्वतः उडवत एखाद्या लहान विमानतळावर आणून भरवलेला मेळावा. हवाई कसरतींच्या जाहीर प्रयोगात प्रेक्षक कुंपणापलीकडे असतो; येथे तो पंखाच्या सावलीत उभा राहून मालकाशी बोलतो. या भेदाला बहुतेक व्याख्यांत गौण स्थान मिळते, पण प्रथेचे सारे स्वरूप त्यातूनच घडले आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेतील स्टिअरमन जातीच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या शिक्षणासाठी वापरलेल्या, वर-खाली दोन पंखांच्या विमानांच्या मेळाव्यांविषयी आहे.

प्रथेच्या आरंभाचा मान कोणाला द्यावा, याविषयी दोन मते आढळतात. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ च्या जानेवारीत मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली व त्याच वर्षी तिचा पहिला मेळावा भरला. आयोवा राज्यातील ऑटम्वा येथे रॉबर्ट टेलर यांनी अँटिक एअरप्लेन असोसिएशन सुरू केली, तीही १९५३ मध्येच. पहिली संस्था मुळात स्वतः विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांची होती. त्यामुळे जुन्या विमानांच्या मेळाव्यांची परंपरा दुसऱ्या संस्थेकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. आयोवातीलच ब्लेक्सबर्गजवळ गवताच्या धावपट्टीवर भरणारा तिचा मेळावा आजही जुन्या विमानांचाच आहे. इलिनॉयमधील गेल्सबर्ग येथे १९७२ पासून सप्टेंबरच्या सुमारास भरत आलेला स्टिअरमन मेळावा मात्र एकाच जातीच्या विमानाला वाहिलेला आहे.

‘जुने’ विमान कोणते, हाही वादाचा विषय. प्रदर्शनातील परीक्षणासाठी ३१ ऑगस्ट १९४५ पर्यंत बांधलेले विमान ‘अँटिक’ आणि त्यानंतर १९५५ अखेरपर्यंतचे ‘क्लासिक’, अशी विभागणी रूढ आहे. ती सोयीची असली तरी वंशावळ झाकते. बेल्जियममध्ये १९३३ च्या सुमारास आराखडलेले स्टांप एसव्ही-४ हे द्विपंखी विमान फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरही बांधले जात होते. एकाच घडणीची दोन भावंडे अशा रीतीने दोन वर्गांत जातात.

स्टिअरमन मॉडेल ७५ : नावावरून ते लॉइड स्टिअरमन यांनी रचले असा समज होतो, परंतु १९३४ मध्ये त्याचा पूर्वावतार उडाला तेव्हा स्टिअरमन आपल्या कंपनीतून बाहेर पडलेले होते. आराखड्याचे श्रेय हॅरल्ड झिप व जॅक क्लार्क या अभियंत्यांना दिले जाते. कंपनी पुढे बोइंगचा भाग झाली. ‘केडेट’ हे टोपणनाव कॅनडाला दिलेल्या विमानांपासून सर्वत्र पसरले, असे बहुधा मानतात. उत्पादनाचे आकडे काही ग्रंथांत सुमारे ८,५००, तर काहींत १०,००० हून अधिक दिलेले आढळतात. मोठ्या आकड्यात सुट्या भागांतून होतील तितकी विमानेही धरलेली असतात, म्हणून प्रत्यक्ष उडालेल्या विमानांसाठी लहान आकडाच ग्राह्य धरावा.

सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी, वर कापडाचे आवरण; उपपंख (विमान कलते करणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) फक्त खालच्या पंखावर. २२० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल रेडियल (सिलिंडर वर्तुळाकार मांडलेल्या) इंजिनात थांबलेल्या अवस्थेत तेल खालच्या सिलिंडरांत उतरते. तशाच अवस्थेत इंजिन सुरू केले तर पिस्टनला जोडलेला दांडा वाकू शकतो, म्हणून आधी पुढचा पंखा (प्रॉपेलर) हाताने फिरवून पाहतात. तेलासाठी इंजिनाखाली ठेवलेली पसरट थाळी हे मेळाव्यातले नेहमीचे दृश्य. एकट्याने उडवताना वैमानिक मागच्या आसनावर बसतो; नाक उंच असल्याने जमिनीवर त्याला समोरचे काहीच दिसत नाही आणि तो नागमोडी चालीने विमान पुढे नेतो. शेपटीला चाक असलेल्या या रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे उतरताना किंचित तिरके झालेले विमान स्वतःहून अधिकच वळत जाते आणि क्षणात गिरकी घेते. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. स्टिअरमनच्या चाकांमधील अंतर कमी असल्याने हा धोका वाढतो. गवतावर चाक थोडे घसरते व बाजूचा ताण सुटतो; हौशी मालक डांबरी धावपट्टीपेक्षा गवत पसंत करतात ते यामुळे.

युद्धानंतर ही विमाने शिल्लक माल म्हणून स्वस्तात विकली गेली. अनेकांवर ४५० अश्वशक्तीचे प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसवून शेतीवर औषधफवारणी केली गेली. विमाने वाचली ती या राबणुकीमुळे, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. आजच्या मालकांत शेतकरी, यांत्रिक, विमान कंपन्यांचे निवृत्त वैमानिक असे नाना पेशांचे लोक दिसतात. सकाळच्या थंड, शांत हवेत समूहाने उड्डाण, कमी अंतरात उडणे, ठरल्या रेषेवर उतरणे, पिठाची पुडी खुणेवर टाकणे, असा कार्यक्रम असतो. दुपारी पंखाखाली खुर्च्या टाकून गप्पा. कापडाला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हा अलिखित नियम. दुसऱ्या महायुद्धात अलाबामातील टस्कीगीचे कृष्णवर्णीय वैमानिक व टेक्सासमधील स्वीटवॉटरच्या महिला वैमानिक याच जातीच्या विमानावर शिकले. त्यामुळे एखाद्या आजीआजोबांना त्या जुन्या आसनावर पुन्हा बसवणे हा मालकांना सर्वांत मोलाचा क्षण वाटतो, आणि तो तसा आहेही.

भारत : येथे या वर्गाचे प्रातिनिधिक विमान टायगर मॉथ. त्याचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी इंग्लंडमध्ये झाले. भारतीय हवाई दलाने व उड्डाण क्लबांनी शिक्षणासाठी ते वापरले. मुंबईत जुहू येथे १९२८ पासून विमानक्षेत्र असून जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. खाजगी मालकांचे मेळावे मात्र येथे रुजलेले दिसत नाहीत. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या पथकातील टायगर मॉथ २०१२ च्या वायुसेना दिनी हिंडन येथे उडाले.