घरच्या घरी टीपीएन

ज्याचं आतडं अन्न शोषूनच घेऊ शकत नाही अशा पेशंटला पोषण थेट शिरेतून आणि तेही घरीच देणं म्हणजे होम टीपीएन (टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, म्हणजे सगळं पोषण शिरेतून). याची सलाईनशी गल्लत करू नये, सलाईनमध्ये मीठपाणी, फार तर थोडं ग्लुकोज, त्यावर माणूस महिनोन्‌महिने जगत नाही. टीपीएनच्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो ॲसिड, फॅट, क्षार, व्हिटॅमिन असं सगळं असतं आणि ते इतकं दाट की हाताच्या बारीक शिरेला झेपत नाही, म्हणून कॅथेटरचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीचं, टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवतात. बरेच जण रात्री पंप लावून १०-१२ तासांत पिशवी संपवतात आणि दिवसा मोकळे असतात. हे लागतं मुख्यतः शॉर्ट बॉवेलवाल्यांना, म्हणजे ऑपरेशनमध्ये ज्यांचं बरंचसं लहान आतडं काढावं लागलं त्यांना.

१९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी आधी कुत्र्याची पिल्लं आणि मग एक तान्हं बाळ असं शिरेतून वाढवून दाखवलं. टोरांटोत डॉ. खुर्शीद जीजीभॉय (हे आपल्याकडे वेल्लोरला शिकलेले) यांनी १९७०च्या सुमारास ज्युडी टेलर या पेशंटला टीपीएन सुरू करून घरी पाठवलं, त्या पुढे जवळपास २० वर्षं जगल्या, घर सांभाळून.

म्हणजे उपचार पन्नास वर्षं जुना आहे, अडतंय ते पैशात आणि नियमांत. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात टीपीएन कृत्रिम अवयवासारखं धरलं जातं, जणू आतड्याचा जयपूर फूट, आणि म्हणून गरज दीर्घकाळाची, साधारण तीन महिन्यांची तरी, असावी लागते. त्यात जुन्या नियमाप्रमाणे काही पेशंटना तीन दिवसांचं शौच गोळा करून न शोषलेलं फॅट किती ते मोजून द्यावं लागायचं, काहींना आतडं पाच फुटांपेक्षा जास्त उरलेलं नाही हे दाखवावं लागायचं, आणि माणूस इकडे वाळत चाललेला. २०२२च्या सुरुवातीला तो राष्ट्रीय नियम रद्द झाला आणि डॉक्टरच्या निर्णयाला जास्त वजन आलं, हे फार आधी व्हायला हवं होतं.

भारतात तीन कप्प्यांच्या तयार पिशव्या मिळतात, सील दाबून फोडायचं आणि मिसळायचं, व्हिटॅमिन वेगळं घालावं लागतं. पण मेडिक्लेम मुख्यतः ॲडमिशनवर चालतो, त्यामुळे घरी रोजच्या पिशवीचा खर्च बहुधा कुटुंबावरच येतो, आणि केवळ त्यासाठी पेशंटला वॉर्डात ठेवणं हे खर्चालाही परवडत नाही आणि माणसालाही.

घरी खरी भीती कॅथेटरच्या इन्फेक्शनची. हात धुणं, लाइन जोडणं-काढणं हे घरच्या माणसाला नीट शिकवलं तर ती खूप कमी होते, डिग्री लागत नाही. मात्र पिशवी चालू असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, आणि अशा वेळी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी) घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करणारं हॉस्पिटल तालुक्याच्या आसपास असावं लागतं.