आडनाववजा नाव (मराठवाडा)

मुलाचे पहिले नाव म्हणून ठेवलेले, पण ऐकणाऱ्याला आडनाव वाटेल असे नाव. वीर, देव, कुबेर, राजे, भगत हे शब्द मराठीत आडनावे आहेत आणि मुलांची नावेही. मराठवाड्यात मन्मथ, मुंजाजी, वैजनाथ, नागनाथ या देवस्थानांशी आणि संतांशी बांधलेल्या नावांची परंपरा घट्ट आहे. लेकरू जगावे, दृष्ट लागू नये म्हणून धोंडिबा, दगडू, कचरू अशी नावेही ठेवली जात. त्यामुळे 'देव' किंवा 'वीर' एवढेच सुटे नाव कानावर पडले की घरातली मोठी माणसे थबकतात.

ही पद्धत इंग्रजी जगातून आली असा समज आहे. तिकडची प्रथा खरी आणि जुनी आहे. आईच्या माहेरचे आडनाव मुलाला पहिले नाव म्हणून देत. विन्स्टन चर्चिल यांचे 'विन्स्टन' हे नाव सतराव्या शतकातल्या त्यांच्या पूर्वजाचे आणि त्या पूर्वजाला ते आईच्या माहेरून मिळाले होते. 1783 साली जन्मलेले अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग यांचे नाव तर सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आडनावावरून ठेवलेले. मेसन म्हणजे गवंडी, कूपर म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा, कार्टर म्हणजे गाडीवान. धंद्यावरून पडलेली ही आडनावे आज तिकडे पोरांची नावे आहेत.

मराठवाड्यात मात्र हा रस्ता आधीपासूनच वाहता होता, फक्त तो पदव्यांच्या बाजूने गेला. प्रतापराव ही कुडतोजी गुजर यांची आणि हंबीरराव ही हंसाजी मोहिते यांची पदवी. पुढे दोन्ही शब्द बारशात ठेवायची नावे झाली. रावसाहेब हा इंग्रज सरकारचा किताब. निजामाच्या मुलखातल्या घरांनी तोही पाळण्यात घातला. जालन्याचे रावसाहेब दानवे हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. त्याच वेळी देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार, जहागीरदार ही वतने आणि हुद्दे आडनावे होऊन बसली. मानाचा शब्द एका घरात नावाच्या जागी गेला, दुसऱ्या घरात आडनावाच्या. शिवाजीराव पाटील निलंगेकर, शिवराज पाटील चाकूरकर अशा नावांत तर हुद्दा आणि गाव दोन्ही शेवटी येऊन बसले आहेत. म्हणून आडनाववजा नाव या मातीला परके आहे, हे म्हणणे पटत नाही.

'कर' या शेवटाकडेही पाहावे. कुरुंद्याचे ते कुरुंदकर, निलंग्याचे ते निलंगेकर, इथे 'कर' गाव सांगतो. दिनकर, प्रभाकर, भास्कर यांतला संस्कृत 'कर' मात्र 'करणारा' असा आहे, आणि रत्नाकर मध्ये तर 'आकर' म्हणजे खाण दडलेली आहे. अर्थ वेगळे, नाद एकच. त्यामुळे 'भास्कर प्रभाकर परभणीकर' हे नाव परमुलखातल्या कारकुनाला तीन आडनावांसारखे दिसू शकते; आपल्याला त्यात काहीच खटकत नाही. आडनावासारखे वाजणारे नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत, फक्त त्याला तसे म्हणत नव्हतो.

बारसे बहुतेक वेळा आजोळी होते. घुगऱ्या शिजतात, पाळणा सजतो, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' होते आणि आत्या लेकराच्या कानाशी लागून 'कुर्रर्र' करून नाव सांगते, तोवर बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ती 'वीर' म्हणाली की आजी हमखास विचारते, "ते झालं आडनाव. नाव काय ठेवलं गं?" या प्रश्नाला आई-बापांनी उत्तर तयार ठेवावे, आणि आजीवर रागावू नये, तिच्या कानाने शंभर बारशी ऐकली आहेत. राशीचे अक्षर जुळत नसेल तर जन्मनाव वेगळे आणि चालू नाव वेगळे ठेवण्याची सोय परंपरेतच आहे. नाव बांधावरून हाक मारून पाहावे. 'ए वीऽऽर' लांब जाते, 'भगत' मध्येच तुटतो.

खरी अडचण कागदावर येते. बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधार कार्डावर सहसा नाव आधी. मुलाचे नाव देव आणि आडनाव वीर असेल, तर कोणता शब्द कुठला हे लिहिणाऱ्याला कळत नाही. एका कागदावर उलट लिहिले गेले की पुढे बँकेत, शिष्यवृत्तीत, पासपोर्टमध्ये तेच निस्तरत बसावे लागते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. वडिलांच्या नावाआधी आईचेही नाव आल्याने पहिल्या आणि शेवटच्या शब्दातले अंतर वाढले, हा आडनाववजा नावांना झालेला मोठा फायदा.

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलेच हवे असे नाही. नंतर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते, आणि विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा दवाखान्यातून घरी यायच्या गडबडीत नाव सांगून टाकू नये. चारही शब्द एकदा सरळ आणि एकदा आडनाव आधी धरून कोऱ्या कागदावर लिहावेत, आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला विचारावे, यातलं बाळाचं नाव कोणतं.