डाइड-इन-द-वुल

मताने, सवयीने किंवा पक्षनिष्ठेने इतका पक्का की बदलायची आशाच नको, अशा माणसाला लावले जाणारे इंग्रजी सामासिक विशेषण. शब्दशः अर्थ ‘लोकरीतच रंगवलेला’. नामाआधी आले की चारही शब्द जोडरेघांनी बांधतात. विधेय म्हणून आले की रेघा बहुधा गळतात.

शब्द आला रंगाऱ्याच्या कढईतून. लोकर तीन टप्प्यांवर रंगवता येते: कातरून धुतल्यावर मोकळी असताना, सूत कातल्यावर, किंवा थेट कापड विणून झाल्यावर. जाड कापडाचे सूत पिळाचे, वीण घट्ट. रंग गाभ्यापर्यंत पोचेलच असे नाही. मग कोपराशी बाही झिजली की आतला फिका धागा डोकावतो. मोकळ्या लोकरीचा मात्र तंतू न् तंतू रंग पितो. शिवाय वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजता येते. स्कॉटलंडच्या हॅरिस ट्वीडची लोकर आजही कातण्याआधीच रंगवतात. लांबून तपकिरी वाटणाऱ्या त्या कापडात जवळून पाहिले तर केशरी, हिरवे तंतूही सापडतात.

इंग्लंडची भरभराट लोकरीच्या धंद्यावर झालेली, त्यामुळे ही उपमा लवकर रुळली. धर्मशास्त्री रिचर्ड हूकर याने १५९७ मध्ये ती मुलांसाठी वापरली: कोवळ्या वयाच्या लोकरीतच बसलेला रंग पुढे बदलत नाही. म्हणजे मुळात रोख संस्कारांवर होता, जन्मावर नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या राजकारणाने शब्द उचलला, आणि तेव्हापासून तो पक्षाच्या कट्टर माणसाला चिकटला.

‘इनग्रेन्ड’ (खोलवर मुरलेला) हा इंग्रजी शब्द त्याचा चुलतभाऊ. त्यातला ‘ग्रेन’ म्हणजे वाळल्यावर दाण्यांसारखे दिसणारे किरमिजाचे किडे. त्यांचा लाल रंग पक्का. आपला ‘किरमिजी’ आणि इंग्रजांचा ‘क्रिम्झन’ दोन्ही याच किड्याच्या नावावरून आले.

मराठीत ‘हाडाचा’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो, पण तो जपून वापरावा. ‘हाडाचा शिक्षक’ म्हणताना आपण कौतुक करतो आणि गुण उपजत धरतो. इंग्रजी शब्दात बहुतेकदा हट्टाची छटा असते. पक्षाच्या बाबतीत ‘कट्टर’ जवळचा, मुरब्बी पुढाऱ्याला ‘मुरलेला’ शोभतो. ‘अट्टल’ मात्र चोर-दारुड्यांसाठीच राखून ठेवलेला बरा.